माशी नेमकी कुठे शिंकली

चांगलं चाललेलं काम अडलं की लोक विचारतात, कुठे माशी शिंकली. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, तो आपला रीत म्हणून विचारतो. आमच्या गल्लीत मात्र या प्रश्नाला उत्तर आहे, तेही पत्त्यासकट. माशी शिंकली ती लाँड्रीच्या मागच्या अंगणात, चादरींच्या दोन दोऱ्यांच्या मधे, आणि शिंकली तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यामुळे या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये.

माशी म्हणजे आमची लाँड्रीवाली मावशी. तिच्या बहिणीच्या पोरीला लहानपणी 'व' म्हणता येत नसे, ती 'माशी, माशी' करत मागे फिरायची. पोरगी मोठी झाली, तिला 'व' आला, लग्न झालं, तो 'व' घेऊन ती सासरी गेली. गल्लीला तो परत मिळाला नाही. पोस्टमनही पाकिटावरचं नाव वाचून म्हणायचा, हे कोण, आणि मग स्वतःच म्हणायचा, हां, माशी.

बाकी माशीसारखं तिच्या अंगात काही नव्हतं. ती दारातून यायची तेव्हा आतल्याला वाटायचं, दिवे गेले. हात असे की ओली सतरंजी एकटीनं पिळायची आणि पिळून झाल्यावर सतरंजीच दमलेली दिसायची. नवरा शांत माणूस होता. त्याच्या वाट्याचंही तीच बोलायची, आणि तो गेल्यावर तर तिला बोलायला दुप्पट जागा झाली. एकुलती एक लेक तिनं इस्त्रीच्या वाफेवर वाढवली आणि त्याच गल्लीत दिली, म्हणजे ओरडलं की ऐकू जावं.

आता शिंक. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माशीला शिंक येणार असली की पहिल्यांदा ती इस्त्री उभी करून ठेवी. एकदा ठेवली नव्हती, तेव्हा दाताच्या डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर पाठीमागे तपकिरी होडी उमटली. "डॉक्टर, पेशंट तुमच्या पाठीला दात दाखवतो का?" असं विचारून तिनं तो कोट त्याच्याच गळ्यात घातला, वर धुलाई घेतली. इस्त्री उभी केली की ती डोळे मिटायची. डावा हात वर जायचा. तोंड असं उघडायचं की समोरच्या गिऱ्हाइकानं तिच्या दाढा मोजाव्यात. मग काहीच नाही. सगळी लाँड्री थांबलेली. आपण म्हणावं, गेली वाटतं, आणि श्वास सोडावा, तर नेमकी तेव्हा यायची. पत्र्याच्या छपरावरून कुणी भरलेलं कपाट ढकलून द्यावं तसा आवाज. समोरच्या चहावाल्याचे कप बशीत नाचायचे. झोपलेली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपायची.

आणि ही शिंक एकाच गोष्टीनं यायची. धुळीनं.

लाँड्री आधीची, क्रशर नंतरचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण क्रशरचा मालक सगळीकडे उलटं सांगत फिरतो. लाँड्रीच्या मागे अंगण, अंगणात वाळवणाच्या दोऱ्या, दोऱ्यांपलीकडे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे तो. वरून दगड टाकायचा, लोखंडी जबडा तो चावतो, चाळण्या खडी वेगळी काढतात, बारीक कच वेगळी काढतात, पट्टे त्याचे ढीग घालतात. यातून जे कुठल्याच ढिगात जात नाही ते हवेत जातं. आणि हवेतून थेट माशीच्या चादरींवर.

चादरी दवाखान्याच्या. सकाळी पांढऱ्या वाळत घालायच्या, दुपारी करड्या काढायच्या, झटकायच्या, पुन्हा बुडवायच्या. एक चादर धुण्याचा मोबदला घेऊन ती दोन-दोनदा धुवायची. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर एकदा चादर हातात धरून म्हणाल्या, "मावशी, पेशंट विचारतो, ही अंगावर घ्यायची की हिनं फरशी पुसायची?"

मालकाचे स्वतःचे कपडेही माशीकडेच. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे बूट. धूळ पाडणाऱ्या माणसाला पांढऱ्याची एवढी हौस का, हे मला अजून कळलेलं नाही. वर हसत म्हणायचा, "मावशी, माझ्यामुळे तुमचा धंदा वाढला बघा."

"हो ना," माशी म्हणायची, "आणि न्हाव्यामुळे माझे केस."

मला गल्लीत तक्रारे म्हणतात. ते माझं आडनाव नाही, ती माझी कमाई आहे. नववीत शाळेची आणि माझी फारकत झाली, पण क्रशरच्या नियमांचं पुस्तक मला रद्दीच्या दुकानात सापडलं, ते मी किलोच्या भावानं घेतलं आणि पाठ केलं. आज दोन वकील माझ्याकडे येऊन विचारून जातात आणि चहाही माझाच पितात. नियम अगदी साधा आहे. जबडा चालतोय तोवर पाण्याचे फवारे चालू हवेत, पट्टे झाकलेले हवेत, कडेनं उंच पत्रा हवा. मालकाकडे फवारे होते. ते चालायचे फक्त साहेब आला की. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसातून साहेब निघाला की मालकाला आधी कळायचं, मला नंतर. साहेब पोचेपर्यंत फवारे सुरू, पट्ट्यांवर ताडपत्री, जबड्यात चार धोंडे, आणि क्रशर असा घरघरतोय जणू म्हातारा आरामखुर्चीत. साहेब बघायचा, हवा स्वच्छ, अंगावर गार तुषार. निघताना म्हणायचा, छान वाटलं. जीप वळली की फवारे बंद, आणि धूळ पुन्हा कामावर हजर.

मी तक्रारी लिहायचो. ऑफिसातल्या कपाटावर माझी फाइल धूळ खात पडली होती. हे मी सगळीकडे बोलायचो, पण आपण जसं काहीबाही बोलतो तसं. ती खरोखरच खात होती आणि चांगली पोटभर खात होती हे पुढे कळलं.

अशात मालकानं दुसऱ्या यंत्राची परवानगी मागितली. हे यंत्र दगडाचं नाही, राडारोड्याचं. पाडलेल्या इमारतींचे स्लॅब, खांब, जिने आणायचे आणि भरडायचे. जागा कुठली, तर बरोबर माशीच्या भिंतीला लागून. दगडाची धूळ निदान धूळ असते, सिमेंटची धूळ ओल्या चादरीवर पडली की चादर उभी राहते. सिस्टरनी ऐकलं आणि सांगून टाकलं, "मावशी, ते यंत्र आलं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. मला वाईट वाटतं, पण पेशंटच्या अंगावर मी प्लास्टर नाही घालू शकत." दवाखाना गेला की लाँड्रीत उरणार डॉक्टरचा कोट आणि मालकाची पँट. म्हणजे लाँड्री गेलीच.

सगळं साहेबाच्या भेटीवर होतं. त्यानं येऊन बघायचं, 'धूळ नाही' असं लिहिलं की परवानगी.

भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी मी लाँड्रीत गेलो तेव्हा माशी, तिची लेक आणि जावई जेवायला बसले होते. जावई क्रशरवरच कामाला. फवाऱ्यांचा पंप त्याच्याकडे. जुन्या खाणीचा खड्डा पाण्यानं भरलाय, त्याच्या काठाला पंपाची शेड, आणि शेडमध्ये एक खाट. तिथून त्याला ना फाटक दिसायचं, ना क्रशर, ना साहेब. फोन लागत नाही, हाक पोचत नाही.

"मग साहेब गेला हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

जावई लाजला. लेक म्हणाली, "सांगा की आता. आईच्या नाकावर चालतात हे."

"काय?" माशीचा घास थांबला.

"आई, राग मानू नका," जावई म्हणाला. "पंप चालू करायला माणूस धावत येतो. बंद करायला कोण येतंय? पण मालक साहेबाला फाटकापर्यंत सोडतो, वरच्याला हात करतो, वरचा दगड ओततो, आणि फवाऱ्यांना ती धूळ काही झेपत नाही. लगेच तुम्ही शिंकता. तुम्ही शिंकलात की समजायचं, साहेब गेला. पंप बंद आणि मी आडवा."

वरचा म्हणजे क्रशरच्या केबिनमध्ये बसून यंत्र चालवणारा. तोही जावयाचाच भाऊ शोभावा असा. फवारे बंद झाले की त्याची खात्री पटायची आणि तो मग हात सैल सोडायचा.

माशी जावयाला 'तुम्ही' म्हणते, आणि जितकी जास्त चिडते तितकी आदरानं बोलते. "अहो जावईबापू," ती म्हणाली, "माझ्या नाकाची तुम्ही घंटा केलीत? आणि ती वाजली की झोपता?"

"रोज नाही. साहेब आला तरच."

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. मी बसलो होतो तो उठलोच. "माशी, साहेब अंगणात उभा असताना तू शिंक. हे पंप बंद करतील, वरचा दगड ओतेल, आणि साहेब जन्मात पहिल्यांदा खरा क्रशर बघेल."

जेवण थांबलं. लेकीनं आईकडे बघितलं. माशीनं ताट बाजूला सारलं.

"आणि मग मालक यांना ठेवील?"

मी परत खाली बसलो.

"लेकीचं घर पेटवून मी माझ्या चादरी वाळवू?"

"दुकान जाईल तुझं."

"दुकान माझं आहे. गेलं तर माझं जाईल." आणि मग हळूच म्हणाली, "तू नियम वाच. घरातलं मला वाचू दे."

मी चिडलो. मला कुणी वाचायला शिकवलेलं चालत नाही. खिशात वाणसामानाची पुडी होती, त्यात मिरपूड. ती काढून मी तिच्या नाकासमोर धरली, नुसतं बघायला. माशीला काहीही झालं नाही. ती म्हणाली, "भाजी अळणीच आहे, घाल." शिंकलो मी. सलग. शेवटी मला तिनं दंडाला धरून बाहेर नेऊन ठेवलं, जसं एखादं ओलं गाठोडं ठेवतात.

साहेब आला त्या दिवशी सकाळपासून फवारे चालू होते. क्रशरवर इंद्रधनुष्य पडलेलं. मालक पांढराशुभ्र, माशीनंच केलेली कडक इस्त्री, पँटची घडी अशी की हात लागला तर कापावा. साहेब माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. चष्मा, काखेत माझी फाइल, आणि चेहऱ्यावर अशी कळा की जगातली सगळी खडी त्याच्या बुटात गेलीय. क्रशर बघून झाला. मालक म्हणाला, "साहेब, धूळ शोधून दाखवा, मी चाटून साफ करतो."

"तक्रार शेजारच्या अंगणाबद्दल आहे," साहेब म्हणाला. "तिकडे जाऊ."

आम्ही अंगणात आलो. चादरी पांढऱ्या फटक वाळत होत्या, नेमक्या त्याच दिवशी. आणि दोऱ्यांच्या मधे माशी उभी, नाकाला कपड्यांचा गुलाबी चिमटा लावून.

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. जावयासाठी बाईनं नाकालाच कुलूप घातलं होतं.

"मावशी, तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबानं विचारलं.

"बला काही ब्हडायचं दाही."

"काय?"

"दाही ब्हटलं. काही दाही."

मालक पुढे झाला. "म्हणतात, त्यांची काही तक्रार नाही." आणि माझं दुर्दैव असं की त्यानं केलेलं भाषांतर बरोबर होतं.

"तुम्ही थांबा," साहेब मालकाला म्हणाला. मग माशीला, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तुमचं उलटंच दिसतंय. काढा तो चिमटा आणि नीट सांगा. द्या इकडे, मी धरतो."

साहेबानं हात पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं. माशीनं श्वास रोखून चिमटा काढला, साहेबानं तो दोन बोटांत धरला. तिनं थोडी हवा घेऊन बघितली. काही नाही. अजून थोडी घेतली. फवाऱ्यांनी हवा धुऊन निघालेली. तिचा चेहरा उजळला. "साहेब, हवा छान आहे," ती म्हणाली. हे म्हणताना तिनं एक हात चादरीवर ठेवला होता, निरोप द्यायला ठेवतात तसा.

"मग झालं," साहेब म्हणाला. "ही फाइल मी आजच बंद करतो. कपाटावर जागा तरी होईल."

त्यानं काखेतली फाइल काढली, नाडी सोडली, वरच्या पुठ्ठ्यावर एक फुंकर मारली, आणि राहिलेली जावी म्हणून फाइल भिंतीवर दोनदा आपटली.

ऑफिसातली धूळ मी तोवर कधी बघितली नव्हती. आमची धूळ बिचारी कष्टाची, दगडातून निघालेली. ही निवांत, मऊ, मुरलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती उठली, जरा थांबली, दिशा ठरवली आणि माशीच्या नाकात गेली.

माशीनं डोळे मिटले.

मी ओळखलं. तिनंही ओळखलं. डाव्या हातानं ती चिमटा मागू लागली, साहेबाला वाटलं सही करायचीय, त्यानं आपलं पेन दिलं. ती पेनानं नाक दाबायला बघत होती तोवर तोंड उघडलं. मग काहीच नाही. सगळं अंगण थांबलं. साहेब वाकून काळजीनं म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाही का?" आणि मालकानं श्वास सोडला.

तेव्हा आली.

चादरी आडव्या झाल्या. साहेबाचा चष्मा कपाळावर गेला. चहावाल्याकडे काहीतरी फुटलं. मग शांतता, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडे फवाऱ्यांनी एक उसासा टाकला आणि माना टाकल्या. पंप बंद.

केबिनमधल्या वरच्यानं फवारे थांबलेले बघितले. मालकानं दोन्ही हात वर करून हलवले, बंद कर, बंद कर. पण साहेबाला सोडून आल्यावर मालक नेहमी असेच हात हलवायचा आणि तेव्हा त्याचा अर्थ येऊ दे असा असायचा. वरच्यानं येऊ दिलं. सकाळपासून अडवून धरलेली गाडीभर दगडं एकदम जबड्यात गेली, जबड्यानं उपास सोडला, वाऱ्यानं ताडपत्री उचलून बाजूला ठेवली, आणि जे काही उठलं ते भिंतीवरून आमच्यावर आलं. त्याला ढग म्हणणं म्हणजे ढगाची बदनामी.

जरा वेळानं दिसायला लागलं. अंगणात तीन पुतळे उभे होते. एक मी. उरलेल्या दोघांत साहेब कुठला आणि मालक कुठला, हे त्यांच्या बायकांनाही सांगता आलं नसतं. माशी दोरीला धरून एकामागून एक शिंकत होती. आता थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवर टांग टाकून जावई आला. खांद्यावर टॉवेल, तोंडात जांभई. सासूच्या एवढ्या शिंका ऐकून तो काळजीनं आला होता, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. समोर त्याला एक करडा माणूस दिसला. रोज असा करडा दिसणारा त्याच्या माहितीतला एकच. त्यानं जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, तिचीही धूळ उडाली.

"काय रे वरच्या, तू खाली कसा? गेलं का ते सोंग?"

"कुठलं सोंग?" पुतळा म्हणाला.

"साहेब रे. सकाळपासून पाणी सोडून सोडून हात दुखले. बरं झालं आई शिंकल्या, नाहीतर आजची झोप गेलीच होती."

"आणि रोज पाणी कधी सोडता?"

"रोज कशाला सोडू? रोज साहेब येतो का?" जावई हसला. मग म्हणाला, "तुझ्या आवाजाला काय झालं?"

पुतळ्यानं चष्मा काढला, फुंकला, पुसला, परत लावला. दोन स्वच्छ गोल डोळे जावयाकडे बघू लागले. दुसरा पुतळा खाली बसला, तो मालक.

माशी पुढे आली. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. "साहेब, जावईबापूंना काही करू नका. ते पोटासाठी करतात. नाक माझं आहे, काय करायचं ते त्याला करा."

साहेबानं पेन शोधलं, ते माशीकडे होतं. ते परत मिळेपर्यंत त्याला राहवलं नसावं. त्यानं माझ्या फाइलवरच्या धुळीत बोटानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, नामंजूर. मग पेन मिळाल्यावर आत शाईनं लिहिलं. राडारोड्याचं यंत्र नाही. जुन्या क्रशरचं, पत्रा चढेपर्यंत आणि पट्टे झाकेपर्यंत, दार बंद. पुढे जबडा चालू तर पाणी चालू, पाणी बंद तर जबडा बंद. जाताना चिमटा त्यानं खिशात घातला. माशीनं तो परत मागितला. सेट मोडला असता.

जीप गेल्यावर मालक उठला आणि जावयाला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

लेक तोवर धावत आली होती. तिनं आईकडे बघितलं, आईनं जमिनीकडे. मग मी बोललो. अशा वेळी मी आवाज चढवत नाही, लोकांना उगाच वाटतं मी सारखा ओरडतो. मी म्हणालो, "मालक, काढा त्याला. मी हात जोडतो, काढाच. मला साक्षीदार मोकळाच हवाय. सकाळी दहाला ऑफिसात नेऊन बसवतो, डबा माझ्या घरचा. आजवर कधी कधी पाणी बंद होतं ते सगळं सांगेल. झोप झालेली आहे, आठवण चांगली असेल."

मालकानं पँटची घडी शोधली, ती सापडली नाही. "मी कुठे काढतोय," तो म्हणाला. "पाणी दिवसभर चालू ठेवायचं तर माणूस लागेलच की." आणि माशीला म्हणाला, "मावशी, हे कपडे उद्यापर्यंत मिळतील का?"

"सिमेंट नाही ना आलं," माशी म्हणाली. "मिळतील."

क्रशर पुन्हा सुरू झाला तेव्हा पत्रा उंच होता आणि फवारे संध्याकाळपर्यंत चालत होते. दवाखान्याच्या चादरी एकदाच धुवायच्या, एकदाच वाळवायच्या. सिस्टर एक चादर उजेडात धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मावशी, ही आमचीच ना? एकच माणूस दुःखी झाला, तो जावई. पंपाच्या शेडमधली खाट मालकानं उचलून नेली. दुपारी तो लाँड्रीत येतो, सासूसमोर बसतो आणि पेंगतो.

"आई, एवढं माझ्यासाठी नाकाला चिमटा लावलात," तो एकदा म्हणाला, "तो जरा घट्ट लावायचा होता."

"अहो जावईबापू," माशी म्हणाली, "तुमच्या झोपेसाठी मी आता श्वास घेणंच सोडू का?"

शिंकही गेली. गल्लीला सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. कुत्री एका जागी झोपू लागली आणि जाड झाली. मग परवा माशीला साधी सर्दी झाली. भर दुपारी इस्त्री उभी राहिली, डोळे मिटले, हात वर गेला. आवाज झाला आणि मी नवी फाइल घेऊन चपला न घालता धावलो. पण माझ्या आधी जावई धावला होता. आता त्याच्या डोक्यात अर्थ उलटा बसलाय: आई शिंकल्या म्हणजे पाणी बंद पडलं. पाणी चालूच होतं. त्यानं तरी दुसरा पंपही सुरू केला आणि दोन्ही कॉक पूर्ण सोडले. फवारे पत्र्याच्या वरून गेले आणि वाळून खडखडीत झालेल्या सगळ्या चादरींवर पडले.

माशी अंगणात उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत चिंब. तिनं माझ्या हातातली फाइल बघितली.

"तक्रार लिही," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध?"

तिनं पत्र्याकडे बघितलं. पलीकडून जावई ओरडून विचारत होता, आई, आता ठीक आहे का.

"राहू दे," ती म्हणाली, आणि चादर पिळायला घेतली.